वांग्याची तिसरी भेट

बुधवारी सकाळी दहाच्या आतच चोपड्यातल्या त्या मंगल कार्यालयाच्या दारात चपला ठेवायला जागा उरली नव्हती. आत लग्न नव्हतं. आत मशीन होतं. तळहाताएवढा काळा डबा, त्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला पितळी दांडा. दांडा मिनिटभर मुठीत धरायचा, की माणसाचं सगळं अंतरंग लॅपटॉपमध्ये उतरायचं आणि प्रिंटरमधून तेहतीस रंगीत पानं बाहेर पडायची. यकृत, मूत्रपिंड, गुडघे, केसांची मुळं, मनातली चिंता, सगळं टक्केवारीसकट. रक्त नको, सुई नको, उपाशीपोटी येणं नको. मागच्या ओळीतल्यांनाही चमत्कार दिसावा म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला होता आणि नवरानवरी बसतात त्या स्टेजवर भलामोठा पांढरा पडदा टांगला होता.

पडद्याशेजारी ऊर्जाचार्य तोतारामजी उभे होते. अंगात डॉक्टरी कोट, कपाळाला गंध, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि स्टेथोस्कोप, दोन्ही. कोणाला काय पटेल याचा नेम नाही, म्हणून सगळीच सोय करून ठेवलेली.

"बंधूंनो, शरीर म्हणजे काय? मोबाईल!" तोतारामजी गरजले. "रेंज आहे, चार्जिंग आहे, पण आत व्हायरस शिरलाय. डॉक्टर काय करतो? कव्हर बदलतो! आम्ही सॉफ्टवेअर बदलतो. आणि आमचं ऐकू नका, कॉम्प्युटरचं ऐका. कॉम्प्युटरला ना जात, ना पैसा, ना पक्ष!"

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत कॉम्प्युटर बंद पडला.

पडदा निळा झाला तो झालाच. लॅपटॉपवर बसणाऱ्या चंदनने तीनचार बटणं दाबली, डब्याला हात जोडले, आणि शेवटी एका दुकानदाराकडून नंबर मिळवून मोहिनीला फोन लावला.

मोहिनी जळगावला मेहरूणमध्ये राहायची. आठवड्यातले तीन दिवस एका पतसंस्थेत नोकरी आणि उरलेले दिवस स्कूटीवर लॅपटॉपची बॅग टाकून गावोगावचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करायचे, हा तिचा धंदा. बुधवार चोपड्याचा. इतक्या वर्षांत तिने काय काय पाहिलं होतं! प्रिंटरला हळदकुंकू, यूपीएसला लिंबू-मिरची, राउटरसमोर उदबत्ती. वायर खोचून तिने मशीन चालू केलं की लोक म्हणायचे, "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे." ती म्हणायची, "हाताला गुण नाही हो, प्लग निघाला होता." कोणी ऐकायचं नाही. कॉम्प्युटर चालतो कसा हे ठाऊक नसलं की त्याचा देव व्हायला वेळ लागत नाही, हे तिचं मत होतं आणि दर आठवड्याला ते पक्कं होत होतं.

मंगल कार्यालयात चंदनने तिला मागच्या दाराने नेलं. लॅपटॉप आणि प्रिंटर वधूच्या खोलीत आणले होते. डबा आणि दांडा स्टेजवरच राहिले होते. बिघाड साधा निघाला. पाचेक मिनिटांत लॅपटॉप सुरू झाला. आता काम झालं की नाही हे पाहायला तिने सवयीप्रमाणे चाचणी घेतली. नावाच्या जागी 'टेस्ट' लिहिलं, स्त्री, वय चाळीस, वजन पंचावन्न, आणि बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला. एक, दोन, पाच, तेहतीस पानं.

मोहिनी पानांकडे बघत राहिली. डबा स्टेजवर, दांडा स्टेजवर, आणि इथे मात्र 'टेस्ट' नावाच्या, कधी जन्मालाच न आलेल्या बाईचं यकृत अशक्त निघालं होतं. तिच्या मनात चिंताही होती, बासष्ट टक्के.

तिला आधी हसू फुटलं. मग तिची नजर एका चौकोनावर गेली. 'कितवी भेट?' पहिली, दुसरी, तिसरी. तिने 'तिसरी' निवडलं. तीच टेस्टबाई, तेच वय, पण लाल रकाने हिरवे होऊन आले. ना औषध, ना पथ्य. तिसऱ्या भेटीला सगळ्यांनाच बरं वाटायचं, कारण कोणीतरी तसं लिहूनच ठेवलं होतं.

तिने जुन्या रुग्णांची यादी उघडली. चौथ्या ओळीत नाव होतं: कौतिक पाटील, वय ६२, वजन ५८, भेट तिसरी. शेरा: 'स्वादुपिंड उत्तम. इन्शुलिन बंद.'

कौतिक पाटील म्हणजे तिचे वडील, आबा.

ती सभागृहात धावली, तर आबा दुसऱ्या ओळीत बसले होते. गळ्यात हार घातलेला, कारण 'बरे झालेले रुग्ण' म्हणून आज त्यांचा सत्कार होता. ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले, आणि मांडीवर पाण्याची मोठी बाटली. तीही जवळजवळ संपलेली.

"आबा, सुई कव्हयपासून बंद शे?" मोहिनीने त्यांच्यापाशी बसत विचारलं.

"नऊ दिन व्हयनात," आबा अभिमानाने म्हणाले. "तुले सांगणारच व्हतू. अकरा वरीस टोची घेतं, आते सुटनू."

"पाणी कितलं पी ऱ्हायनात तुम्ही? हाई शुगर वाढेल शे, आबा. ऊठा, दवाखान्यात चला."

"मशीन सांगस बठ्ठं चांगलं शे."

"ते मशीन खोटं शे!"

आबांनी मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. हा माणूस काही भोळा नव्हता. गावात भगत अंगात आणून घुमायला लागला तेव्हा यांनीच त्याला केळीच्या बागेतून हाकलून लावला होता. मोरपिसांना ते कधी भुलले नाहीत. पण छापील कागदापुढे त्यांनी मान तुकवली होती, आणि का, ते त्यांनी आता सांगितलं.

"तूच सांगेल व्हतं ना? पहिला पगार लिसन ऊनी व्हती तव्हय. कॉम्प्युटर चुकत नई आबा, माणूस चुकस. तुन्हा शब्द धरीसनच मी आठे, या मशीनकडे ऊनू."

खरंच, ती तसं म्हणाली होती. नव्या नोकरीच्या तोऱ्यात, चहा पिता पिता. ते वाक्य आबांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि त्याच्या भरवशावर सुई टाकून दिली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग आला तो स्टेजवरच्या गंध लावलेल्या कोटाचा. हात धरून ओढत नेलं तर आबा येणार नाहीत, हे तिला माहीत होतं. त्यांना कॉम्प्युटरनेच फसवलं होतं, तर कॉम्प्युटरनेच सोडवायला हवं होतं.

ती वधूच्या खोलीतून लॅपटॉप घेऊन सरळ स्टेजवर चढली आणि प्रोजेक्टरची आणि डब्याची वायर जोडली.

"झालं ना मॅडम? आता तुम्ही खाली बसा," तोतारामजी माइक झाकून म्हणाले. "दुरुस्ती झाली की आपलं काम संपलं."

"अजून दुरुस्तीच करतेय," मोहिनी म्हणाली. तिने दुसरा माइक उचलला. "मंडळी, मशीन नीट चालतंय का ते तपासायचंय. पण माणसावर नको. कोणाकडे भाजी आहे का?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या ओळीतून झुंबरबाई नावाच्या बाई उठल्या. बाजार करूनच आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक हिरवंगार, वीतभर लांब भरताचं वांगं काढलं.

"परत दे बरं का वं माय," त्या म्हणाल्या. "सांजले भरीत करनं शे."

मोहिनीने पितळी दांडा वांग्यावर ठेवून रबर लावलं. पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं टाइप केलं. नाव: वांगं. पुरुष. वय ६२. वजन ५८. भेट पहिली. सभागृहात खसखस पिकली. बटण दाबलं आणि पडद्यावर अहवाल उमटला. स्वादुपिंड, एक्केचाळीस टक्के, लाल. गुडघ्यांची झीज, मध्यम.

"वनस्पतीतही जीव असतो!" तोतारामजी ओरडले. "ऊर्जा सर्वत्र आहे! हे शास्त्र आहे!"

"जीव ऱ्हास, भाऊ," झुंबरबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पण वांगाले गुडघा कोठे ऱ्हास?"

असा हशा झाला की मागच्या ओळीतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. आबा मात्र हसले नाहीत. ते पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"आबा," मोहिनी माइकवरच म्हणाली, "तुमच्या पिशवीतले तिन्ही भेटींचे कागद काढा. पहिल्या भेटीला स्वादुपिंड किती होतं?"

आबांनी चष्मा लावला. बराच वेळ कागद शोधला. "एक्केचाळीस," ते म्हणाले.

"आता वांग्याची दुसरी भेट." तिने चौकोन बदलला, बटण दाबलं. पडद्यावर त्रेसष्ट. "तुमचं?"

"त्रेसष्ट."

"तिसरी भेट." बटण. पडदा हिरवागार झाला. स्वादुपिंड अठ्ठ्याऐंशी टक्के, उत्तम.

आबांनी आकडा वाचला नाही. त्यांनी तो कागद उलटा करून मांडीवर ठेवला. पण शेजारच्याने डोकावून पाहिलं होतं आणि तो मोठ्याने म्हणाला, "अठ्ठ्याऐंशीच शे!"

"बंद करा तो लॅपटॉप!" तोतारामजी चंदनवर ओरडले. चंदन जागचा हलला नाही. मोहिनीने डब्याची वायर लॅपटॉपमधून उपटली, दांड्यासकट गुंडाळून तोतारामजींच्या हातात दिली आणि रिकाम्या लॅपटॉपवर पुन्हा बटण दाबलं. स्वादुपिंड अठ्ठ्याऐंशी टक्के. उत्तम.

"हा डबा काहीच मोजत नाही," ती म्हणाली. "तुम्ही येता, हे तुमचं वय आणि वजन विचारतात, तेच आत टाकतात. त्यावरून आकडे बनतात. भेट वाढली की आकडे सुधारतात, मग तुम्ही बरे व्हा नाहीतर मरा. हे औषध म्हणून देतात त्या बाटलीतलं पाणी तुम्ही प्यालात काय आणि वांग्याने प्यालं काय, सारखंच. माझे आबा इथे बसलेत. नऊ दिवस यांनी त्यांचं इन्शुलिन बंद ठेवलंय. आणि त्यात माझीही चूक आहे. कॉम्प्युटर चुकत नाही, असं मीच त्यांना सांगितलं होतं. ते अर्धवट होतं. कॉम्प्युटरला खोटं बोलायला शिकवलं तर तो खोटंही न चुकता बोलतो."

तोतारामजींनी नास्तिक, विदेशी हस्तक, धर्मद्रोही असे दोनचार शब्द फेकून पाहिले. झुंबरबाईंनी स्टेजवर जाऊन आपलं वांगं उचललं, पदराने पुसलं आणि त्यांना विचारलं, "भाऊ, मना कागद परत ली ले. मन्ही बीपीनी गोई कोणी बंद करी?" मग एकेक जण पिशवीतून तेहतीस पानं काढत उठायला लागला. दार बंद करायला सांगावं लागलं नाही, गर्दीच दारात उभी राहिली. चंदन मोहिनीजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मला एवढंच सांगितलं होतं, भेटीचा नंबर बरोबर टाकत जा." तेच त्याने दुपारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे लिहून दिलं. तक्रारीवर सत्तेचाळीस सह्या होत्या. डबा पंचनाम्यात गेला.

मोहिनी मात्र तेव्हा तिथे नव्हती. आबा स्वतःहून उठले होते, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला होता आणि म्हणाले होते, "चाल, माय." दवाखान्यात बोटाला टोचून रक्त घेतलं. साखर चारशे साठ. डॉक्टरांनी मोहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एकदोन दिवस गेले असते तर बेशुद्ध अवस्थेत आणावं लागलं असतं. आबा तीन दिवस सलाइनवर होते. त्या तीन दिवसांत मोहिनी किती वेळा रडली, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिने त्यांना साखर मोजायचं छोटं यंत्र आणून दिलं. आबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, पट्टी खोचली आणि बोट न टोचताच यंत्र खाटेवर ठेवून दिलं. पडद्यावर थेंबाचं चित्र लुकलुकत राहिलं. आबा मांडी घालून समोर बसले. बऱ्याच वेळाने यंत्र आपोआप बंद झालं. एकही आकडा न दाखवता.

"हाई खरं शे," आबा म्हणाले आणि बोट पुढे केलं. "काही दिधं नई, तं काही बोलनं नई."

आपणही एवढंच करावं. समोर मोरपीस असो की मशीन, भगवी कफनी असो की पांढरा कोट, आधी विचारावं: तू काय मोजलंस? कशाने मोजलंस? आणि मी हात काढून घेतला, तरी तुझा आकडा तोच येतो का? हे विचारायला शिक्षण लागत नाही, कॉम्प्युटर तर मुळीच लागत नाही. उत्तर मिळेपर्यंत आपली औषधं चालू ठेवावीत. आणि विचारल्यावर जो रागावेल, त्याच्यासमोर एक वांगं ठेवावं.