केळव्याची सून

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. बोईसरच्या बाजारात वीस वर्षं मासळी विकली. गिऱ्हाईक पापलेटाचे कल्ले उघडून बघतं, तोवर माझं त्याचं तोंड वाचून झालेलं असतं. फुकटात गोड बोलणारा दिसला की मी आधी पाटी जवळ ओढते. या स्वभावानं माझं बऱ्याचदा भलंच झालं. एकदा मात्र असं नुकसान झालं की ते भरून येणार नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.

माझं माहेर केळव्याचं. लग्न होऊन तारापूरजवळच्या वाडीत आले. वर्ष झालं नाही तोच, पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर वादळ झालं आणि नवरा वामन बोटीसकट गेला. माझ्या पोटात तिसरा महिना. घरात उरलो मी आणि सासू तानी, दोघीच.

आमच्या घराची समुद्रात एक जागा होती. तिथं घोळ मासा गळाला लागायचा, माणसाच्या कमरेएवढा. ती जागा वाडीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. आता समुद्रावर काही पाटी लावता येत नाही, म्हणून आमची माणसं किनारा बघून जागा ओळखतात. समजा, बोटीतून बघताना देवळाचा कळस बरोबर एखाद्या टेकडीवर आला, तर ती एक रेघ झाली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला एखादं झाड एखाद्या खडकावर आलं, तर ती दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकमेकींना कापतात तिथं नांगर टाकायचा. एकाच रेघेवर नुसतं पाणी मिळतं.

आमच्या जागेच्या या दोन रेघा होत्या पाळण्याच्या गाण्यात. आयुष्यात कधी बोटीत न बसलेल्या बाया ते गाणं म्हणायच्या. पुरुष बुडतो, म्हणून गाणं बायांच्या ताब्यात. पोराच्या कानात पाळण्यातच समुद्र पडायचा, आणि मोठा होऊन तो बोटीवर उभा राहिला की समोरचा किनारा त्याला ओळखीचा वाटायचा. सासू सुनेला ते शिकवायची, पण घरात पाळणा बांधल्यावरच. त्याआधी कितीही पाया पडा, एक अक्षर मिळायचं नाही.

तारापूरला अणुविजेचा प्लँट आला तेव्हा गाण्यातला एक जुना वड तोडला गेला. सासूनं त्याच्या जागी प्लँटची चिमणी घातली. मागाहून मला म्हणायची, "समुद्राला काय गो! काय तरी उभं दिसलं पायजे. वड नाय तर चिमणी."

शहात्तरच्या फाल्गुनात नागोराव आमच्या दारात आला. परभणीकडचा माणूस, प्लँटमध्ये नोकरीला, राहायला कॉलनीत. खांद्याला टेपरेकॉर्डर, बगलेत वही. त्या वर्षी वही घेऊन आलेल्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, कारण नसबंदीवाले वही घेऊनच यायचे. प्लँटच्या वेळीसुद्धा आधी वह्या आल्या होत्या, जमिनी मागाहून गेल्या. आणि या बाबाला काय हवं होतं? तर बायांची गाणी!

"कशाला पायजेत?" मी विचारलं.

"वहिनी, माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. कुठल्या नक्षत्रात पेरायचं, कुठल्या वाऱ्यानं पाऊस पळतो, कुठल्या साली दुष्काळ पडला, सगळं त्यात होतं. शाळेत जायच्या आधी मला जग तिथंच कळलं. आई गेली, ओव्या गेल्या. आता इथं आलो तर समोर हा समुद्र. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, तुमच्या गाण्यांतून कळेल."

इतकं गोड कुणी फुकट बोलतं का? मी मनात म्हटलं, याच्यामागे नक्की कुणीतरी ट्रॉलरवाला आहे, आमच्या जागेवर टपलेला.

सासू मात्र पाघळली. घरातला पुरुष गेल्यापासून तिच्याशी कुणी दोन शब्द बोलत नव्हतं, आणि हा तासन् तास मांडी घालून ऐकायचा. तिनं त्याला हळदीची गाणी दिली, होड्यांची दिली, वाऱ्याची दिली. मी अंगणात बोंबील वाळत घालता घालता कान तिकडेच ठेवायची. एक दिवस त्यानं वहीतलं चित्र दाखवलं. आमचाच किनारा होता तो: किल्ला, ताड, मागचा डोंगर, चिमणी. पण सगळं समुद्रातून बघितल्यासारखं. बोटीत पाय न ठेवलेल्या माणसानं नुसती गाणी ऐकून ते काढलं होतं.

सासू चित्राकडे बघतच राहिली. "वामन्या असाच किनारा सांगायचा," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

माझ्या मात्र मनात भलतंच आलं. साध्या गाण्यांवरून हा एवढं काढतो, तर पाळण्याचं गाणं हाताला लागल्यावर काय करेल? तो गेल्यावर मी सासूला बजावलं, "आये, त्यानं पाळण्याचं मागितलं तर खोटं दे. खुणा इकडच्या तिकडं कर, तिकडच्या इकडं."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग हसली. "देते गो खोटं. तू नको काळजी करू."

वैशाखात कमलाकांत झाला. बाराव्या दिवशी पाळणा बांधला आणि सासूनं दार लावून मला गाणं शिकवलं. "बुरूज लपव ताडामागं, सोन्या, चिमणी उतरव डोंगराच्या डाव्या खांद्यावर." पुढं आणखी सहा ओळी, पण कामाच्या या दोनच. तिनं माझ्याकडून ते वीस वेळा म्हणून घेतलं. मला वाटलं, आज मी खरी या घरची झाले. विधवा होते, विशीतली होते, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

भाद्रपदात सासू गेली. शेवटचे पंधरा दिवस अंथरुणातच होती, वाचा गेली होती. तिचं सगळं मीच काढलं. माझा हात धरून दाराकडे, कॉलनीच्या दिशेला, सारखी बोट दाखवायची. मी समजायची की पाणी मागते, आणि पाणी पाजायची.

वर्षश्राद्धाच्या दिवशी नागोराव आला, मशीन घेऊन. त्याला बघून मला हसूच आलं. मेलेल्या बाईच्या घरीसुद्धा याला गाणी हवीत!

"वहिनी, आजींनी एक गाणं माझ्याकडे भरून ठेवलं आहे. गेल्या वर्षी श्रावणात, तुम्ही बाजारात असताना. ते तुम्हाला..."

"लाव बघू," मी म्हटलं.

त्यानं बटण दाबलं. सासूचा आवाज आला, अगदी घरात बसल्यासारखा. "बुरूज काढ ताडाफुडं, सोन्या..."

ताडाफुडं! मला शिकवलेलं होतं ताडामागं. पुढची ओळ यायच्या आत मी टाळी वाजवून हसत सुटले. "बंद कर रे भाऊ, बंद कर! खोटं हाय ते. म्हातारीनं तुला बनवलंय. मीच सांगितलं होतं तिला तसं."

तो दचकला. "पण आजी मला म्हणाल्या होत्या की..."

"काय बी म्हणू दे. तुझ्या त्या ट्रॉलरवाल्याला जाऊन सांग, तानीची सून झोपलेली नाय."

"कुठला ट्रॉलरवाला?" तो म्हणाला. मी दाराकडे हात केला. त्यानं मशीन उचललं, सासूच्या फोटोला नमस्कार केला आणि गेला. त्याचा पडलेला चेहरा बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मी कुणावर तरी जिंकले होते. तो पुन्हा आला नाही.

कमलाकांत माझ्या गाण्यावर वाढला. दहाव्या वर्षी तो वाळूत किल्ला, ताड आणि चिमणी मांडून दोन रेघा ओढायचा. मोठा झाल्यावर दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबला. त्या बोटी वेगळ्या बाजूला जायच्या, पण हा रोज म्हणायचा, "आये, एकदा माजी बोट होऊ दे." शहाण्णव साली झाली. नारळ वाहिला आणि तो आमच्या जागेला निघाला. मी वाडीभर पेढे वाटले.

पहिल्या खेपेला रिकामा आला. म्हणाला, नुसता चिखल लागतो. दुसऱ्या खेपेला रिकामा आला. तिसऱ्या खेपेला त्या रेघांवर फिरता फिरता बोट पाण्याखालच्या खडकावर गेली. बोटीचा पाण्यातला पंखा मोडला, आणि दुसऱ्यांनी दोर लावून त्याला ओढत आणलं. सगळी वाडी किनाऱ्यावर उभी होती. त्यांची तोंडं दिसत होती.

घरी येऊन तो माझ्यासमोर बसला. "आये, हे गाणं कोणी केलं गो? ज्यानं केलं त्यानं समुद्र बघितलाच नाय."

मी ताडकन म्हटलं, "तुज्या आजीचं गाणं हाय ते!" आणि म्हणता म्हणताच मला तो आवाज आठवला. ताडाफुडं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी न उचलता नागोरावाचं घर शोधत निघाले. त्यानं बेटेगावच्या वाटेवर घर बांधलं होतं. केस पांढरे झाले होते, पण त्यानं मला ओळखलं. बायकोनं, मैनाबाईनं, पाणी दिलं. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि म्हटलं, "भाऊ, ते गाणं पायजे."

"वहिनी, तुम्हीच खोटं म्हणालात. मला फार लागलं होतं. आजींनी मला बनवलं असेल तर ठेवून काय करायचं, म्हणून त्या कॅसेटवर मी पोरीच्या शाळेतली कविता भरली."

"ओळी आठवतात?"

"पहिली आठवते. तुम्ही ऐकलीत तीच. त्यापुढं नाही हो. मला समुद्र कुठं कळत होता!"

तरी त्यानं ट्रंकेतून कॅसेट काढली. लहान पोरगी आंब्याच्या झाडाची कविता खणखणीत आवाजात म्हणत होती. आम्ही तिघं खाली मान घालून ऐकत होतो. कविता संपली. खट्ट झालं, आणि त्यामागून सासूचा आवाज आला. पोरीची कविता गाण्यापेक्षा लांब होती, पण पुढचं बोलणं तिच्याखाली गेलं नव्हतं.

"...झालं बाबा. तू लांबचा, तुजी बोट नाय, म्हून तुला दिलं. सुनेला अजून नाय दिलं. तिला भलतंच शिकवलंय. केळव्याची हाय, तरणी हाय. पोर घेऊन माघारी गेली तर आमची जागा केळव्याच्या बोटींना. वरीसभर बघ तू. ऱ्हायली तर तिलाच दे."

नागोराव हळूच म्हणाला, "म्हणून मी वर्षानं आलो होतो."

मला म्हातारीचा असा संताप आला की समोर असती तर मी तिला सोडली नसती. तिच्या शेवटच्या पंधरा दिवसांत माझ्याशिवाय कोण होतं तिला? केळव्याला मी वीस वर्षांत एकदाही मुक्कामाला गेले नाही. आणि मग तिचं ते दाराकडे दाखवणारं बोट आठवलं आणि रडू आवरेना. ती संशयी होती, मीही संशयी. तिनं निदान एक माणूस तरी विश्वासाचा निवडला होता, आणि तो बरोबर निवडला होता. मैनाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आले तेव्हा कमलाकांत मोडलेला पंखा पुढ्यात घेऊन बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याला पहिली ओळ दिली. त्यानं ती दोनदा म्हटली, डोळे मिटून बुरूज ताडाच्या पुढे आणला, आणि मान हलवली.

"ही एक रेघ झाली," तो म्हणाला. "दुसरी?"

"ती मी हसून घालवली, बाळा," मी म्हटलं.