सहावा प्रश्न

गंगापूर रोडला माझं झेरॉक्सचं दुकान. भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, आधारची प्रिंट, सगळं करून मिळतं. टिंगल फुकट.

एप्रिलमध्ये समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी ललितशेठ आले. "राजूभाऊ, भाडेकरूंसाठी एक फॉर्म बनवा. जरा कडक."

"किती कडक?"

"नको ते लोक आपोआप गळले पाहिजेत. आपल्याला तोंडाने नाही म्हणावं लागायला नको."

झालं, मला खाज सुटली. पहिले तीन प्रश्न नेहमीचे: आधार-पॅन, पगाराची स्लिप, आधीच्या मालकाचं पत्र. पुढे आपली करामत. चौथा, आजोबांचं गाव कोणतं, ते काय करायचे? पाचवा, घोरता का? घोरल्यास किती भिंतींपलीकडे ऐकू जातं? सहावा, गावाकडून कोण येतं, किती दिवस राहतं, पिशवीत काय आणतं? सातवा, फोडणीचा वास कितव्या मजल्यापर्यंत चढतो?

वाटलं, ललितशेठ वाचतील, आईमाईवरून चार शिव्या घालतील, चहा पिऊन जातील. कुठलं काय! कमिटीने घोरण्याचा तेवढा काढला आणि त्या जागी लग्न झालंय का ते टाकलं. बाकी सगळं पास.

"सहावा तर एक नंबर," ललितशेठ म्हणाले. "माणसाची कुंडलीच निघते."

महिनाभर मी हा किस्सा टपरीवर सांगितला. लोक पोट धरधरून हसले.

जूनमध्ये सरिता आली. सरिता भोये, घाटापलीकडच्या पेठ तालुक्यातली, चौकातल्या हॉस्पिटलात नर्स. राहायला लेडीज हॉस्टेलात, तिथे आईला ठेवता येत नाही. आणि आईच्या, नवसाबाईच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दोनदा जीपने घाट चढउतार. मागच्या खेपेला जीपमध्येच डोळे फिरवले होते म्हातारीने.

"ह्या प्रवासानेच जाईल ती, असं डॉक्टर म्हणाले," सरिता म्हणाली. "समोर तळमजल्यावर फ्लॅट रिकामा आहे, दादा. हॉस्पिटल पाच मिनिटांवर. फॉर्म भरलाय, स्कॅन करून पाठवा ना."

फॉर्म माझाच. मोत्यासारखं अक्षर. सहाव्यापुढे लिहिलं होतं: 'आई. कायमची राहील. नागलीचं पीठ, सुकट, पावसाळ्यात खेकडे.'

"सरिता, इथे 'कोणी येत नाही' एवढंच लिही."

"आई तर येणारच ना. आणि खेकडे शिजले की कळेलच. खोटं लिहून लोकांच्या घरात कसं राहायचं?"

"अगं, हा फॉर्म म्हणजे ना..."

"काय?"

"काही नाही. आण इकडे."

म्हटलं, ललितशेठच्या वडिलांना दोन महिने घरी जाऊन इंजेक्शनं हिनेच दिलीत. हिला कोण नाही म्हणतंय! पाठवला.

दोन दिवसांनी ललितशेठ हसत आले. "पोरगी गुणाची हो. बाबांचं तिनेच केलं. पण तिनेच लिहून दिलं, त्याला आम्ही काय करणार? तोंडाने नाही म्हणायची वेळच आली नाही. मागच्या दोन्ही सोसायट्यांना तुमचा फॉर्म हवाय. शंभर प्रती काढा."

काढल्या.

गठ्ठा काउंटरवरच होता, तेवढ्यात सरिता आली. बाहेर पायरीवर नवसाबाई बसलेली, मांडीवर नागलीची पिशवी. आज डायलिसिसचा वार.

"दादा, मागच्या सोसायटीत बघते. त्यांचाही फॉर्म असतो का?"

मी गठ्ठ्यातला वरचा कागद दिला. ती उभ्या उभ्या वाचत गेली.

"हा तर तोच आहे."

"मीच लिहिलाय," मी म्हणालो. "गंमत म्हणून. ते खरं धरून बसले."

चप्पल काढून मारेल असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. तिने सहाव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"मग ह्याचं बरोबर उत्तर काय होतं, दादा?"

बाहेरून नवसाबाईने हाक मारली, "सरू, मिळाला का गं कागद?"

"मिळाला," सरिता म्हणाली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि आईला काखेत हात देऊन उठवायला गेली.