जहाजाच्या कठड्यापर्यंत

ओल्या बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवला की सुरुवातीला ती पकड सैल असते. बोटानंही सुटते. मग उन्हानं पाणी उडून जातं, मांस आकसतं, आणि पूर्ण वाळलेली जोडी ओढायला गेलं तर दात तुटतात, पण पकड सुटत नाही. ठमाबाई अशा जोड्या बांबूच्या वलांडीवर टाकत पुढे सरकत होती आणि कल्पेश तिच्या मागे चालत तेच पुन्हा समजावत होता. तो विचुंब्याचा, माल परदेशी पाठवणाऱ्या एजंटाच्या पनवेलातल्या ऑफिसात कामाला.

"मावशी, दोन रस्ते आहेत. एकात आपण माल जहाजावर चढवून द्यायचा, पुढचं भाडं दुबईवाल्याचं. पण तो म्हणतो, माझं दुकान लहान, मला त्या भानगडी नकोत, दुबईला पोचल्याचा एकच भाव सांगा. म्हणजे जहाजाचं भाडं तुम्ही भरायचं. तेही आधी."

"आनि मुंबईचा शेट?"

"तो भरेल की. पण मग माल त्याच्या नावावर जाणार. पोत्यांवर त्याचं नाव, पुढची ऑर्डरही त्यालाच."

"म्हंजे आमी हाय तिथंच," पलीकडच्या वलांडीवरून भीमाबाई म्हणाली. "बोंबलावानी लटकलेल्या!"

बाया हसल्या. ठमाबाईही हसली, पण तिचा हात थांबला होता. कोळीवाड्यातल्या बायांनी गेल्याच वर्षी संस्था काढली होती, तिची प्रमुख ठमाबाई. मुंबईचा शेट सांगेल तो भाव घ्यायचा, ही रीत एकदा मोडायची म्हणून. संस्थेचे सगळे पैसे करंजाहून ओले बोंबील आणण्यात गेले होते. आता विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, आणि ती संस्थेची नव्हती. ती ठमाबाईच्या नवऱ्याची, आनंदाची होडी होती. आनंदा जाऊन तीन वर्षं झाली होती. खाडी गाळानं उथळ होत चालली होती आणि मुलगा सुदाम न्हावा शेव्याला बंदरात कामाला लागला होता. करंजाचा एक माणूस होडी मागायला दोनदा येऊन गेला. ठमाबाई आधी म्हणाली, नारळी पुनव होऊ दे. मग म्हणाली, शिमगा होऊ दे. आता तिच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे. आजही कोणी काढला नाही.

"संध्याकाळपर्यंत फॅक्स करायचाय," कल्पेश म्हणाला. "नाहीतर शेटला हो म्हणावं लागेल."

"जहाजावर चढवून द्यायचा म्हंजे नेमका कुठवर?"

"कठड्यापर्यंत. माल कठड्यावरून पलीकडे गेला की आपलं काम संपलं."

"तो कठडा मना दाखव."

दुपारी ते दोघं न्हावा शेव्याला पोचले, तेव्हा सुदामनं बंदरात शिरायचे पास काढून ठेवले होते. जहाजावर चढवलेल्या कंटेनरांना लोखंडी सळ्यांनी जखडायचं, हे त्याचं काम. आईच्या डोक्यावर त्यानं पिवळी टोपी ठेवली.

"आये, सरळ बसव ना."

"अंबाड्यावर बसंना. तुज्या सायबाला सांग, बायकांची टोपी बनवा."

ती हसत पुढे झाली आणि थांबली. समोर काळी लोखंडी भिंत होती. ती एखाद्या इमारतीची असावी असं तिला वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की भिंत हलतेय. अगदी थोडी वर, अगदी थोडी खाली, खाडीतल्या पाण्याच्या श्वासासारखी. ते जहाज होतं. ठमाबाईचे हात आपोआप जोडले गेले.

क्रेननं एक कंटेनर उचलला. तारांवर तो जरासा डुलला. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाण्याची एक अरुंद हिरवी पट्टी होती; कंटेनरची सावली त्या पट्टीवर आली, पलीकडच्या लोखंडावर चढली, कठडा ओलांडून गेली. आवाज असा काहीच झाला नाही.

"गेला पलीकडं," कल्पेश म्हणाला.

"आमच्यात मासा वाळूला लागला का बाईचा," ठमाबाई म्हणाली. नजर वरच होती. "त्याच्या आधी दर्याचा नायतर दादल्याचा. वाळूच्या पुढं बाईनं काय इचारायचं नाय. माजी सारी उमर वाळूवर गेली रं."

सुदाम तिच्या शेजारी आला. "आये, वर नको बगू. खाली बग. ते पांढरे आकडे दिसतात ना, पान्याला लागून? आता दिसतो त्याच्याखालचा आकडापन सकाळी उघडा होता."

जहाजाच्या अंगावर एकावर एक आकडे रंगवलेले होते. कंटेनर चढत होते. जहाज खाली बसताना दिसत नव्हतं. दिसण्याइतकं ते एका वेळी बसतच नव्हतं. पण ठमाबाई पापणी न हलवता बघत राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिला दिसलं, की एका आकड्याचा खालचा वेढा पाण्यात गेला आहे.

"एवढं मोठं," ती हळूच म्हणाली, "पन याला बी वजन कळतंय."

"कळनारच की."

"तुजा बापूस खाडीत शिरायचा ना, तवा मी काठावरून सांगायची, आज किती घावलंय. तो हाक मारायच्या आदी. होडी किती बसलीय त्याच्यावरनं." तिनं पांढऱ्या आकड्यांकडे बोट केलं. "सेम हाय रं. अगदी सेम."

आणखी एक सावली पाणी ओलांडून गेली. कल्पेशनं घड्याळ पाहिलं आणि पुन्हा हात खाली घेतला.

"मावशी, फॅक्सचं काय करू?"

"लिही त्याला. दुबईपर्यंतचं भाडं आमी भरनार. नाव संस्थेचं."

"पण पैसे..."

ठमाबाईनं टोपी काढली, सुदामच्या हातात दिली आणि अंबाडा नीट केला.

"करंजावाल्याला निरोप दे," ती सुदामला म्हणाली. "पुनवेच्या उधानाला ये म्हनावं. होडी घेऊन जा. दरवर्षी तेल पाजलंय तिला, सांग."