काळ्या दाराची पिवळी गाडी

कार्सिना सहसा कुणाच्या दारात जात नसे. ज्याला गरज त्याने तिच्याकडे यावं. म्हणून ती छत्री घेऊन भर उन्हात रिपिनच्या पंक्चरच्या दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा हातातली ट्यूब घमेल्यात तशीच सोडून रिपिन उठला. कोण गेलं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं.

"कुणी मेलं नाही," ती म्हणाली. "मरायचे ते मेलेत. तुला तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ अजून येतो का, तेवढं सांग."

रिपिनचं आता पोट सुटलं होतं, डोक्यावरचे केस गेले होते. पण एके काळी तो शाळा बुडवून तिच्या वारनेटमध्ये पडीक असायचा. बातांग गावच्या स्टेशनमागे तिने कितीतरी वर्षं चालवलेलं ते इंटरनेटचं दुकान. नाव केनारी, नवऱ्याच्या पिंजऱ्यातल्या पाखरावरून. तिथे दिवसभर पोरं पडद्यावर गाड्या पळवायची, आणि त्या सगळ्यांत वरचढ तिचाच प्रिहादी. त्याची गाडी लांबून ओळखू यायची. पिवळीधमक, आणि डावीकडचं एकच दार काळं. बाप दार्यो वडापची पिवळी गाडी चालवायचा. एकदा तिचं दार ठोकरलं गेलं, तर भंगारातून दुसऱ्या कुठल्या गाडीचं काळं दार आणून त्याने बसवलं आणि पुढे कधी रंगवलं नाही. पोराने पडद्यावरची गाडीही तशीच करून घेतली. बाप त्यावर खूश. कार्सिनाला मात्र लाज वाटायची.

दुकानाच्या भिंतीवर तीन ओळींची पाटी होती. चपला बाहेर काढा. शिव्या देऊ नका. तिन्हीसांजेला घरी जा. तिसरी ओळ ती कुणाला दोनदा वाचायला लावत नसे. मशिदीची बांग झाली की ती बाहेर जाऊन मीटरचा खटका खाली ओढायची. सगळे पडदे एकदम काळे. पोरं कुरकुरत अंधारात चपला शोधायची.

एकदा प्रिहादी सुराबायाच्या पोरांविरुद्ध शेवटच्या फेरीत होता. सगळ्यांच्या पुढे होता. पाठीमागे अख्खं दुकान श्वास धरून उभं. तेवढ्यात बांग झाली. आजच्या दिवस राहू दे, असं दार्यो म्हणाला. तिने खटका ओढला. लोकांच्या पोरांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे तिच्याकडे चालत नव्हतं. प्रिहादीने अंधारातच चपला शोधल्या. थोड्याच दिवसांत तो समुद्रापलीकडे बाताम बेटावरच्या कारखान्यात निघून गेला. आधी फोन कमी झाले, मग नंबरच बदलला. दार्यो गेला तेव्हा ज्या नंबरावर कळवलं, तो कुणा परक्या बाईचा निघाला. बाप गेल्याचं पोराला अजून माहीत नव्हतं.

आता दार्योचा हजाराव्या दिवसाचा विधी जवळ आला होता. त्या दिवशी थडग्यावर दगड बसवायचा. एकदा दगड बसला की मेलेल्या माणसासाठी काही करायचं उरत नाही. आणि मुलाचा हात लागल्याशिवाय दगड बसवायचा, हे कार्सिनाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शेजारणीचा भाऊ बातामहून सुट्टीवर आला होता. त्याने सांगितलं की प्रिहादी आता कुठल्या कारखान्यात आहे ते कळत नाही, पण मागे एकदा दिसला होता, संध्याकाळी खोलीवर बसून तोच जुना खेळ खेळत होता. खेळ काढणाऱ्या कंपनीने तर तो कधीच बंद केला होता. पण ज्यांचा जीव त्यात अडकलेला, असे लोक आपापल्या घरी सर्व्हर मांडून तो चालू ठेवत. खेळ उघडला की त्या सगळ्या सर्व्हरांची नावं यादीत दिसतात. एवढं त्याच्याकडून कळलं आणि कार्सिनाने छत्री उचलली होती.

"माझ्या घरात तसला सर्व्हर मांड," ती रिपिनला म्हणाली. "नाव केनारीच ठेव. यादीत वाचलं की कळेल त्याला."

रिपिनने डोकं खाजवत सुचवलं, की त्यापेक्षा खेळणाऱ्या लोकांच्या गटात एक निरोप टाकू, आई शोधतेय म्हणून. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा घमेल्यात हात घातला.

"चारचौघांत पदर पसरू होय रे? मी घर उघडं ठेवते. यायचं त्याने यावं."

ताडपत्रीखालचे जुने कॉम्प्युटर बाहेर निघाले. दोनांत उंदरांनी संसार थाटला होता. चारांतून एक उभा करता करता रिपिनचे बरेच दिवस गेले. मशीन चालू झालं, घरातल्या घरात खेळही लागला, पण बाहेरून कुणाला येता येईना. इंटरनेटवाल्यांनी सगळ्या गल्लीला मिळून एकच पत्ता दिला होता. रिपिनने त्यांच्या ऑफिसात खेटे घालून या घरासाठी वेगळा पत्ता मिळवला, मग राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी वाट करून दिली, आणि आपल्या दुकानातून केनारीत गाडी घालून पाहिली. गाडी आत आली.

"आता फक्त विजेचं बघा, बू," तो म्हणाला. तिच्या वेळची सगळी पोरं तिला अजून बू, म्हणजे आईच म्हणायची. वारनेट मिटल्यावर तिने मीटरचा भार कमी करून घेतला होता, आणि घरात दोन जड वस्तू एकदम चालल्या की खटका पडायचा. रिपिनने आपल्या दुकानातली बॅटरी आणून लावतो म्हटलं, म्हणजे वीज गेली तरी मशीन तग धरेल.

"राहू दे तुझी बॅटरी," कार्सिना म्हणाली. "माझ्या घरात काय कधी लावायचं ते मला कळतं. तीस माणसांचा स्वयंपाक मी चुलीवर केलाय, तू शेंबडा होतास तेव्हा."

मग प्रश्न आला पहिल्या ओळीचा. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्याला आधी चार शब्द दिसतात, ते काय ठेवायचे? कार्सिनाची थोरली लेक विनार्ती जवळच बसली होती. नवऱ्याने सोडल्यापासून ती आईकडेच होती. लिहावं, प्री, घरी ये, असं ती हळूच म्हणाली. दुसरं काही नको, ते पुरे.

"आणि जगभरच्या रिकामटेकड्यांनी ते वाचावं? माझं पोर पळून गेलंय म्हणून?" कार्सिनाने मान उडवली. "पाटीवरचं लिही. तिन्ही ओळी. ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही, त्याला बरोबर कळेल."

विनार्ती पुटपुटली, की कळायचं तेच कळेल. आईने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढे लोक येऊ लागले. कुठल्या कुठल्या देशांतले, वाचता न येणाऱ्या नावांचे. कार्सिना पहाटेच्या नमाजानंतर पडद्यासमोर बसायची, तिला अक्षरांशी घेणं नव्हतं, ती रंग बघायची. लाल, निळी, चंदेरी. एकदा पिवळी आली आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. तिची दोन्ही दारं पिवळी होती. असले पाहुणे तुझ्या बापाने तरी पोसले असते का, असं ती विनार्तीला म्हणाली, आणि पुन्हा बसली.

विधी अगदी तोंडावर आला. दगड घडवणारा येऊन माप घेऊन गेला. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, ऊन कलत असताना, विनार्ती नुसतं "बू" म्हणाली.

पिवळी गाडी सुरुवातीच्या रेषेपाशी उभी होती. डावीकडचं दार काळं.

इतर गाड्या सुटल्या, ती सुटली नाही. सगळ्या निघून गेल्यावर हळूहळू चालू लागली, वडापवाला रस्त्याकडेला गिऱ्हाईक बघत जातो तशी. एक फेरी झाली. दुसरी झाली. कार्सिनाने पदराने पडदा पुसला, तो स्वच्छ होता तरी.

"काय लिहू?" विनार्तीने कीबोर्ड पुढे ओढला.

कार्सिना पडद्याजवळ वाकली. "विचार, जेवलास का."

विनार्तीने विचारलं. पिवळी गाडी थांबली. मग खाली अक्षरं उमटली, आणि विनार्तीने ती वाचली.

"म्हणतो, अजून नाही, बू."

कार्सिना उठली. पोरगं समुद्रापलीकडे आहे, त्याच्यापर्यंत इथला घास पोचणार नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पोर जेवलं नाही म्हणतंय, आणि आई नुसती बसून राहते, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. ती मागे स्वयंपाकघरात गेली.

"अगं, बापाचं सांगू का त्याला?" विनार्तीने बाहेरून विचारलं.

"थांब. भात लावते आणि येते. ते मी सांगणार. तू मध्ये पडू नकोस."

तिने तांदूळ घेतले, धुवायला नळ सोडला. अंगणातला पंप घरघरत सुरू झाला. तांदूळ भांड्यात ओतले आणि विजेच्या कुकरचं बटण दाबलं. त्याच क्षणी बाहेर मीटरचा खटका पडला. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. घर गप्प झालं. त्या शांततेत मशिदीची बांग सुरू झाली. तिन्हीसांज झाली होती.

ती कुकरवर हात ठेवून तशीच उभी राहिली. विनार्ती धावत बाहेर गेली, खटका वर केला. पण ते मशीन जुनं, ते जागं व्हायला वेळ घेतं, आणि जागं झालं तरी खेळ रिपिननेच येऊन सुरू करावा लागला. तो दुकान उघडं टाकून पळत आला होता, बोटांना डिंक तसाच. यादीत केनारी पुन्हा दिसू लागलं. आत कुणी नव्हतं.

"त्याला तिकडे काय दिसलं असेल?" कार्सिनाने विचारलं.

रिपिन बोटांचा डिंक पुसू लागला. तिने पुन्हा विचारलं.

"गाड्या जागच्या थिजल्या असतील, बू. मग पडदा काळा."

"बांगेच्या वेळेला."

"बातामची वेळ आणि आपली एकच."

विनार्ती तोंडात पदराचा बोळा धरून रडत होती. तिने आईचं ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात असताना तिने लिहून टाकलं होतं की बापू गेले, ये. पाठवायचं बटण दाबलं आणि वीज गेली, की वीज गेली आणि बटण दाबलं, तिला आठवेना. ते त्याला पोचलं का, हे तिने रिपिनला तीन तऱ्हांनी विचारलं. ते आता कळायचं नाही, असं तो तिन्ही वेळा म्हणाला.

कार्सिनाने लेकीला शिवी दिली नाही. ही गोष्ट विनार्तीला सगळ्यांत जास्त लागली.

निरोप पोचला नसेल, तर म्हातारीने आजही खटका ओढला, अगदी जेवलास का विचारून ओढला, असं पोराने धरलं असणार. आणि पोचला असेल, तर बाप मेल्याचं कळूनही तो परत फिरकला नाही. यातलं आपल्याला कुठलं परवडेल, हे कार्सिना मनाशी ठरवू बघायची. एक धरलं की दुसरं बरं वाटायचं.

दगड ठरल्या दिवशी बसला. मुलाच्या जागी विनार्तीच्या चुलत भावाने हात लावला. लोक जेवून गेले, कुणी प्रिहादीचं नाव काढलं नाही. त्याचीही तिला चीड आली.

मग तिने रिपिनला बोलावलं. या खेपेला त्याची बॅटरी तिने मुकाट लावू दिली. पाटीच्या ओळी काढायला लावल्या आणि तिथे विनार्तीने आधी म्हटले होते तेच शब्द घालायला सांगितले. रिपिनने मान खाली घालून ते लिहिले. दुसऱ्या दिवशी कुणा परदेशी पोराने खाली प्रश्नचिन्हं टाकून विचारलं की याचा अर्थ काय.

रिपिन परत परत सांगतो, की आता भीती नाही, आता खटका पडला तरी मशीन चालूच राहील. कार्सिना हो म्हणते. भात आता चुलीवर होतो, पंप सकाळीच चालतो. आणि ऊन कललं की ती पाट घेऊन बाहेर येते, भिंतीवरच्या मीटरखाली बसते, आणि बांग संपेपर्यंत तिथून हलत नाही. गल्लीतली पोरं चेंडू घेऊन जवळ आली तर हातानेच त्यांना लांब करते. आत पडद्यासमोर विनार्ती असते. मध्येच कधीतरी कार्सिना मान न वळवता विचारते, कुठल्या रंगाच्या आहेत.

"निळी आहे. एक पांढरी."

"चालू देत," कार्सिना म्हणते.