पांढरी धूळ, तांबडं पाणी

शुक्रवारी सकाळी आखातातल्या मुहर्रक गावातल्या त्या जुन्या घराच्या जिन्यावर चपलांचा खच पडला होता. वरच्या खोलीत वेल्डर, विमानतळावरचे लोडर, एक मलबारी शिंपी आणि बँकेतले दोन साहेब मांडीला मांडी लावून बसले होते. सगळ्यांची नजर एका प्लास्टिकच्या टबावर खिळली होती. टबात ऑगस्टीनचे पाय होते, मध्ये विजेचं एक यंत्र बुडवलेलं होतं आणि पाणी हळूहळू तांबडं होत होतं.

"बघा," सदानंदबाबा म्हणाले, "चाळीस वर्षांची धूळ. फुफ्फुसातून निघाली, मांडीतून उतरली, तळव्यातून खलास. जर्मनीत मान्यता आहे या यंत्राला. बोला ओम, बोला हालेलुया. इंशाल्ला, पुढच्या शुक्रवारी आणखी निघेल."

बाबा कुणाच्याच देवाला उपाशी ठेवत नसत. धुळीला जात नसते, हे त्यांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाइकालाही नसते, एवढं मात्र ते बोलून दाखवत नसत.

ऑगस्टीनच्या बायकोने, मॅगीने, डोळे पुसले. नवऱ्याच्या अंगातली घाण समोर दिसत असताना आणखी पुरावा कशाला हवा? तिच्या शेजारी बसलेली त्यांची मुलगी, एस्थर, मांडीवरची पिशवी घट्ट धरून त्या पाण्याकडे बघत होती. एस्थर मनामातल्या एका इस्पितळात नर्स होती. तिला बाबांचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. नर्स असून दोन महिने तिने हे चालू दिलं होतं.

झालं होतं असं. पप्पाच्या छातीत पाणी साठलं, ते काढलं, आतला तुकडा तपासला आणि रिपोर्टवर मेसोथेलिओमा असा शब्द आला. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. डॉक्टरांनी विचारलं, "हा बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळे होतो. त्याचं काम कधी केलंय?" पप्पा ठामपणे म्हणाला, "मफी. कधीच नाही." मग घरी येऊन त्याने तर्क लढवला. ॲस्बेस्टॉस नाही म्हणजे तो रोग नाही, आणि रोग नाही म्हणजे रिपोर्टच चुकला. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्या 'कधीच नाही'चा आधार सगळ्या घराने घेतला. एस्थरनेसुद्धा घेतला. बाबांनी त्यावर कळस चढवला. सुई टोचली की धूळ उलटी फिरते, म्हणून इस्पितळ बंद. केमोच्या दोन तारखा तशाच गेल्या. आज हा एक जिना चढताना पप्पा तीनदा थांबला होता.

"यल्ला, चला, पुढचा कोण?" बाबांनी विचारलं.

"माझा नंबर," एस्थर म्हणाली.

ऑगस्टीनला बाजूला बसवलं गेलं. टबात नवं पाणी पडलं, मंतरलेलं मीठ पडलं, दोन सळ्यांचं ते यंत्र बुडालं. बाबांनी बटण दाबलं. एस्थरने पाय ठेवले नाहीत. पिशवीतून दोन बटाटे काढून तिने टबात सोडले.

"हे काय, ताई?"

"यांनाही खोकला आहे."

लोक हसले. बाबा बटण बंद करायला वाकले, तसा एका वेल्डरने हात आडवा घातला. "राहू द्या की बाबा. बघू तरी." पाच मिनिटांत पाणी पिवळं झालं, दहा मिनिटांत तांबडं.

"हे बटाटे कुठल्या प्लांटवर होते, बाबा?" एस्थरने विचारलं.

"बटाटा मातीतच वाढतो," बाबा डगमगले नाहीत. "त्याच्यात धूळ असणारच." आणि काय सांगावं, चारपाच माना डोलल्यासुद्धा.

मग त्या वेल्डरने स्वतः टब धुतला, पाणी भरलं, मीठ टाकलं आणि आत काहीच न घालता बटण दाबलं. पाणी पुन्हा तांबडं झालं.

"सळ्या लोखंडाच्या आहेत," एस्थर म्हणाली. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड गंजतं. हा गंज आहे. फुफ्फुसातली धूळ तळव्यातून यायला अंगात वाटच नाही."

आज ग्रह वाकडे आहेत असं पुटपुटत बाबा आतल्या खोलीत गेले. अर्धे लोक चपला शोधायला उठले. उरलेले पुढच्या शुक्रवारचा नंबर लावायला बसून राहिले.

ऑगस्टीनने टबाकडे बोट दाखवलं. "मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं," तो म्हणाला. "आमची धूळ पांढरी होती."

"कसली धूळ, पप्पा?"

"कापसाची. मआमीरच्या बाजूला प्लांटवर होतो ना, तेव्हाची. गरम पाइपांना लपेटायचा कापूस. करवतीने कापायचा, पाण्यात कालवून हाताने थापायचा. जळत नाही तो. जेवणाच्या सुट्टीत त्याचे गोळे करून एकमेकांना मारायचो आम्ही."

एस्थर त्याच्याकडे वळली. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"त्यांनी ॲस्बेस्टॉस विचारलं. ॲस्बेस्टॉस म्हणजे पत्रा ना गो, घरावरचा? मी पत्र्याचं काम कधी केलं नाही."

"पत्र्यात तो सिमेंटमध्ये कालवलेला असतो, पप्पा. तुमचा कापूस म्हणजेच ॲस्बेस्टॉस. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत जातात आणि रुतून बसतात. रोग कधी कधी चाळीस वर्षांनी उठतो."

"मग ते निघणार कशाने?"

"कशानेच नाही."

"म्हणजे रिपोर्ट बरोबर."

"बरोबर."

ऑगस्टीनने मान खाली घातली. लेकीने बाबाला उघडं पाडलं होतं, आणि त्याच्याबरोबर बापाची शेवटची आशाही. ते दोन महिने कोणी परत देणार नव्हतं.

एस्थरने बसलेल्या लोकांकडे पाहिलं. "तुमच्यात कोणी जुन्या प्लांटवर, जहाजावर, बॉयलरवर काम केलं असेल, तर डॉक्टरला नुसतं हो-नाही सांगू नका. काय कापलं, काय थापलं, त्याचा रंग कसा होता, सगळं सांगा. आणि जो माणूस इस्पितळात जाऊ नका म्हणतो, त्याच्या दारात पुन्हा येऊ नका." वेल्डर आपल्या तळहातांकडे बघत राहिला. बाकी कोणी जागचं हललं नाही.

"एस्थर," मॅगी हळूच म्हणाली, "ते कपडे मी धुवायची. धुण्याआधी गॅलरीत झटकायची. सगळं पांढरं उडायचं. धुणारीला काही होतं का त्याचं?"

उत्तर एस्थरला माहीत होतं. 'नाही गं' म्हणणं किती सोपं होतं. आई आज रात्री सुखाने झोपली असती. पण आतल्या खोलीतला माणूसही हेच तर देत होता.

"होऊ शकतं, मम्मी. पप्पाइतका धोका नाही, पण होऊ शकतं. तुझाही एक्स-रे काढू."

"तू तेव्हा त्या गॅलरीतच रांगायचीस," मॅगी म्हणाली.

"हो," एस्थर म्हणाली. "माझाही काढू."