बाहेर पडल्याची नोंद

अवधूतने तीन महिने जगभरच्या लोकांना प्रश्न विचारले. आईच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला तेवढं विचारायचं राहून गेलं.

सोलापुरात घरी बसून तो ज्या डेटाबेसवर, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, फुकट राबायचा, तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. कुणीही सुधारणा सुचवावी, जाणत्यांनी पारखून घ्यावी, असा खुला कारभार. अवधूतने त्यात दोन खुंट्या सुचवल्या होत्या. माणूस आपल्या नावाने डेटाबेसमध्ये आत आला की पहिली, बाहेर पडला की दुसरी. त्या घडीला ज्याला जे काम करून घ्यायचं असेल, ते त्याने तिथे टांगावं. पहिली खुंटी सगळ्यांना पटली. दुसरीवर मात्र तपासणारा अडून बसला. निघालेल्या माणसाला दारात गाठून काम सांगितलं आणि ते काम अडलं, तर दारच अडतं, असं त्याचं म्हणणं. खऱ्या वापरातलं एक तरी उदाहरण दाखवा, असं त्याने लिहिलं.

उदाहरणाला लांब कशाला जायचं? आई, सरोजिनी, एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात शाळेच्या दाखल्यांचं काम करायची, आणि तिथे हाच डेटाबेस होता. अवधूतने सचिव वेणीमाधवांची परवानगी काढली आणि दोन्ही खुंट्यांना नोंदवही टांगली : कोण, कुठल्या संगणकावरून, किती वाजता. आईने कौतुकाने ऑफिसात पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या सिद्धाप्पांनी दोन घेतले. ते दुधनीहून रोज रेल्वेने यायचे, आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

पंधरा दिवसांनी सचिवांनी यादी मागितली. एकाच्या संगणकावरून दुसऱ्याचं नाव कधी आत आलंय का? अवधूतने आत येण्याच्या नोंदी चाळून पाठवल्या. बाहेर पडल्याच्या नोंदी कुणी मागितल्या नव्हत्या. यादीत एकच नाव होतं, सत्तावीस वेळा. सिद्धाप्पा, सरोजिनीबाईंच्या संगणकावरून.

दाखल्यावरच्या जन्मतारखा बदलून मिळतात अशी कुजबुज बाहेर होतीच. सचिवांनी सिद्धाप्पा, आई आणि अवधूत, तिघांनाही खोलीत बोलावलं.

"सिद्धाप्पा, बाईंच्या जागेवर बसून काय करत होता?"

"माझं मशीन लई सावकाश चालतंय, साहेब. बाई डबा खायला गेल्या की बसत हुतो."

"रोज? सकाळी अकरालाही डबा?"

अवधूतने मांडीवरच्या लॅपटॉपवर बाहेर पडल्याच्या नोंदीही शेजारी उघडल्या. सरोजिनी बाहेर, अकरा वाजून चार. सिद्धाप्पा आत, अकरा पाच. सिद्धाप्पा बाहेर, अकरा चाळीस. सरोजिनी आत, अकरा एक्केचाळीस. सत्तावीसही वेळा तसंच. खुर्चीतलं माणूस हललंच नव्हतं, फक्त नाव बदलत होतं. त्याने आईकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. त्याने लॅपटॉप मिटला.

"चौकशी होईपर्यंत घरीच थांबा," सचिव म्हणाले. सिद्धाप्पांनी चाचपडत दाराची कडी शोधली.

संध्याकाळी भाजी निवडताना आई आपणहून बोलली. "साखरेनं डोळे गेलेत त्यांचे. दीड वर्ष झालं, त्यांच्या नावाने दाखले मीच भरते. साहेबांना कळलं असतं तर घरी बसवलं असतं त्यांना."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"घाबरले. माझीही नोकरी आहे." तिने मेथीची जुडी बाजूला सारली. "तुझ्याकडे तर लिहिलेलं होतं ना? तू का नाही बोललास?"

अवधूतला स्वतःची लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त त्याने हात दुसऱ्याचा धरून दाखवला होता.

सकाळी तपासणाऱ्याचा मेल आला होता. उदाहरण मिळालं का? नसेल तर दुसरी खुंटी काढून पहिलीच घेऊ. उदाहरण होतं, सत्तावीस वेळांचं. नावं बदलून पाठवलं असतं तर खुंटीही राहिली असती आणि वाहवाही झाली असती. त्याच्याने ते लिहवेना. त्याने आत-बाहेरच्या सगळ्या नोंदी कागदावर छापल्या आणि आईपुढे ठेवल्या. तिने चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या.

"यात मी आले. त्यांच्या डोळ्यांची गोष्टही आली."

"हो. साहेबांना देऊ?"

"आधी त्यांना विचार. तेवढं तरी विचार."

त्याने फोन लावला. सिद्धाप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुणीतरी कानडीत बोलत होतं.

"बाईंचं काय हुईल?" त्यांनी विचारलं.

आईने फोन हातात घेतला. "माझं मी बघीन, सिद्धाप्पा. तुमचं सांगा."

"दे म्हणा की अवधूतला. मी चोर न्हाय येवढं कळू दे. डोळं तर गेल्यातच, ते कुटं लपवू?"

आईने कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. आज पिशवीत दोन डबे होते. रोजच्या सवयीने तिने सिद्धाप्पांचाही भरला होता. तो काढून तिने ओट्यावर ठेवला आणि चपला घातल्या.