पलंगामागची ओल

शनिवारी सकाळी साडेदहाला तिसरं गिऱ्हाईक आलं, मागच्या खोलीतल्या भिंतीवर टकटक केली आणि निम्म्या किमतीचं बोलून निघून गेलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मालकीण हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणायची. कर्ज फेडून घर तिने एकटीने उभं केलं होतं आणि आता विकायलाही ती एकटीच निघाली होती. कारण मागच्या खोलीत पलंगावर बसलेलं होतं. गुडघे गेल्यापासून आई वर्षभर जिना उतरली नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरचं एक घर विकायला होतं, उंबऱ्याबाहेर थेट रस्ता. तिथली मालकीण आज संध्याकाळपर्यंत थांबणार होती. त्यापुढे नाही.

एजंट नको, हे सिस्टरचं पहिल्यापासून पक्कं होतं. कोपऱ्यावरच्या एजंटाच्या कमरेला सदा किल्ल्यांचा जुडगा लटकलेला, म्हणून लोक त्याला जुडगाच म्हणत. जाहिरात बघून तो न बोलावता वर आला होता. चहा संपवून म्हणाला होता, "सिस्टर, सुई तुम्ही टोचावी, घर आम्ही विकावं. ज्याचं काम त्याला शोभतं." सिस्टरने त्याला दार दाखवलं. काचा पुसून फोटो तिने काढले, ड्यूटी सांभाळून लोकांना वेळा तिने दिल्या. लोकही आले. पण एक जोडपं सोडलं, तर चेहरे वेगळे आणि वागणं एकाच साच्यातलं. स्वयंपाकघराकडे ढुंकून बघायचं नाही, नळ सोडून पाहायचा नाही. तडक मागची खोली, तीच भिंत, आणि मग नाक मुरडून भाव पाडायचा.

"माझ्यापेक्षा भिंतीचीच विचारपूस जास्त," आई म्हणाली. "एखाद्याने मलाही वाजवून बघावं."

सिस्टरला हसू आलं नाही. आत्ता गेलेला माणूस दारातून म्हणाला होता, "पलंगामागे ओल आहे हो तुमच्या." त्याने वाजवलेल्या भिंतीला पलंग नव्हताच. कपाट होतं. दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीतला पाइप फुटला, तेव्हा पलंग तिथे होता. मग पाइप नवा घातला, गिलावा नवा केला, आणि आईला खिडकी मिळावी म्हणून पलंग समोर सरकवला. तेव्हापासून या घरात शेजारी आले, पेपरवाला आला, मीटर बघणारा आला. एकच माणूस आला नव्हता.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. "असशील तसा ये."

"आईला काही झालं का?"

"ये म्हटलं ना."

फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला. बेकरीवाला. मंगळवारी बायकोला घेऊन आला होता, सगळे नळ सोडून पाहिले होते, दुपारी ऊन कुठून येतं ते आईला विचारलं होतं. आज बाराला पुन्हा येऊन शब्द देणार होता. आता आवाज पडलेला. "ताई, राग मानू नका. घरात आतून ओल मुरलीय असं कानावर आलं."

"कोणी सांगितलं?"

"आता नाव कशाला..."

"नाव राहू द्या. ठरल्याप्रमाणे या. नाही पटलं तर आल्या पावली परत जा."

भाऊ बाराच्या आत आला. चपला काढून घाईने मागच्या खोलीत शिरला, सवयीने उजवीकडे वळला आणि कपाटासमोर जाऊन थबकला.

"इकडे आहे मी," मागून आई म्हणाली.

तो वळला. सिस्टर दारात उभी होती. "जुडग्याला पलंगामागची ओल कोणी सांगितली?"

"ताई, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"राख नाही, निखारे आहेत. बोल."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच! तू एकटी बाई, कुठे फसलीबिसलीस तर? तो म्हणाला, दोन-चार माणसं भाव पाडून गेली की सिस्टर आपोआप माझ्याकडे येतील. मग मीच चांगलं गिऱ्हाईक आणतो. कागदपत्रं, नोंदणी, सगळं तोच बघणार होता."

"आणि तुझं काय बघणार होता?"

भावाने नजर कपाटाकडे वळवली.

"माझ्या घरात खोटी माणसं घुसवलीस. आईच्या डोक्यावर उभं राहून भिंती बडवायला लावल्यास. आणि खबर कसली दिलीस, तर दोन वर्षांची शिळी! भाचरांचे वाढदिवस कळवायला फोन येतो तुझा. आईचा पलंग कुठे आहे ते विचारायला कधी आला?"

"माझ्याही अडचणी असतात, ताई."

"असतात ना. तीन मजल्यांच्या!"

"ओरडू नकोस त्याच्यावर," आई म्हणाली. मग जरा थांबून, "मला ऐकू येतंय म्हणून सांगते. खाली जाऊन ओरड."

"हिला खाली नेता आलं असतं, तर हे सगळं कशाला केलं असतं?" सिस्टरचा आवाज चिरकला. "कपाट ओढ."

भावाने कपाट ओढलं. बेकरीवाला आणि त्याची बायको दारात येऊन उभे होते. किती ऐकलं, कोण जाणे. सिस्टरने "या" म्हटलं, आईच्या अंगावर चादर ओढली, माळ्यावरची हातोडी काढली आणि नव्या गिलाव्यावर घाव घातला. दुसरा. तिसऱ्याला खपली सुटून फरशीवर फुटली. आत नवा पाइप दिसला, त्याच्याभोवती कोरडी ठणठणीत वीट.

"हात घाला," ती धापा टाकत म्हणाली.

बेकरीवाल्याने खाचेत हात घातला. बाहेर काढला, तर बोटांना नुसती भुकटी. त्याची बायको म्हणाली, "बाई, पटलं. छत तेवढं राहू द्या."

आई खुदकन हसली. बाकी कोणी हसलं नाही. बेकरीवाल्याने हात झटकले. वडिलांशी एकदा बोलून संध्याकाळी नक्की कळवतो, म्हणाला. भाऊ त्यांच्या मागोमाग निघाला. जाताना आईच्या पाया पडायला वाकला, तेव्हा तिने पाय चादरीत ओढून घेतले.

साडेपाचला तळमजल्याच्या मालकिणीचा फोन आला. दुसरं कुटुंब घर बघून गेलं होतं, त्यांना पसंत होतं. "तुमच्यासाठी सातपर्यंत थांबते," ती म्हणाली. सिस्टरने बेकरीवाल्याला दोनदा फोन केला. रिंग गेली, उचलला नाही.

साडेसहाला ती खिडकीशी आली. खाली कोपऱ्यावर जुडग्याच्या ऑफिसात दिवे लागले होते. बेकरीवाला दारात उभा होता आणि जुडगा त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होता. बेकरीवाला आत गेला. त्याची बायको बाहेर फुटपाथवरच थांबली. तिने मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं आणि पर्समधून फोन काढला. वर सिस्टरच्या हातातला फोन वाजला.